संगणकाची आज्ञावली शुद्ध कशी ठेवावी?



कापसाचा टेंपो भरून एखादा शेतकरी बाजारांत जातो. काट्यावर वजन होतें, भाव ठरतो, आणि थोड्याच वेळांत एक छापील हिशेबपट्टी त्याच्या हातीं पडते. वर्षभराच्या घामाचें मोल त्या कागदाच्या तळाशीं एका आंकड्यांत लिहिलेलें असतें. मुलांची फी, बियाण्याची उधारी, कदाचित् घरांतील एखादें लग्नकार्यहि त्याच आंकड्यावर अवलंबून असतें. पूर्वीं ही पट्टी मुनीम लिहीत असे. शंका आली तर "मुनीमजी, हा आंकडा कसा आला?" असें विचारतां येई, व तो ओळीवर बोट ठेवून उत्तर देई. आज तोच हिशेब संगणक करितो. संगणक थकत नाहीं, कंटाळत नाहीं, बेरजेंत चुकत नाहीं. परंतु त्यास जें सांगितलें तेंच तो करितो. सांगणारानें चुकीचें सांगितलें, तर ती चूकहि तो न थकतां हजार वेळां करितो.

म्हणून संगणकास काम सांगण्याची रीत शुद्ध असावी लागते. ह्या रीतीचे दोन मुख्य नियम आज पाहावयाचे आहेत. पहिला नियम असा कीं, लांबलचक कृतीचे लहान व सार्थ नांवांचे भाग पाडावे. दुसरा असा कीं, कृतीच्या हातीं येणारें मूल्य योग्य प्रकारचें आहे कीं नाहीं, हें काम सुरू करण्याआधींच पारखावें.

१. कृती व आदान म्हणजे काय?

संगणकास दिलेल्या आज्ञांच्या क्रमवार मालिकेस आज्ञावली म्हणतात. तींतील एखादें ठराविक काम करणाऱ्या आज्ञांच्या गटास येथें आपण 'कृती' म्हणूं. ह्यासच संगणकशास्त्रज्ञ 'फंक्शन' किंवा 'मेथड' म्हणतात. कृतीला काम करण्यासाठीं जीं मूल्यें द्यावीं लागतात तीं तिचीं 'आदानें', म्हणजेच 'आर्ग्युमेंट'. पिठाची गिरणी ही कृती समजली, तर तींत टाकलेली ज्वारी हें आदान व बाहेर येणारें पीठ हें फल होय. गिरणींत ज्वारीऐवजी खडे टाकले तर काय होईल, हें सांगावयास नकोच.

आतां आपल्या हिशेबपट्टीचें उदाहरण घेऊं. आंकडे सोयीसाठीं कल्पिलेले आहेत. भरलेल्या टेंपोचें वजन ४,२४० किलो, रिकाम्या टेंपोचें १,८४० किलो. म्हणून निव्वळ कापूस २,४०० किलो, म्हणजे २४ क्विंटल. भाव क्विंटलला ७,००० रुपये धरला, तर किंमत १,६८,००० रुपये होते. हमाली व तोलाई मिळून क्विंटलला ३० रुपये धरले, तर कपात ७२० रुपये होते. शेतकऱ्यास मिळावयाचे १,६७,२८० रुपये.

२. लांब कृतीचा धोका

हें सारें काम एकाच लांब कृतींत लिहिलें आहे असें समजा. वजन घेणें, वजाबाकी करणें, किलोचे क्विंटल करणें, किंमत काढणें, कपात करणें, पावती छापणें, सर्व कांहीं दोनशें ओळींत एकापाठोपाठ एक. पहिल्या दिवशीं ती बरोबर चालते, कारण लिहिणाराच्या ध्यानांत सर्व असतें. ह्या कृतींत 'वजन' नांवाची एक राशी आहे. वरच्या ओळींत तींत किलो असतात. मधल्या एका ओळींत तिला शंभरानें भागून पुन्हां त्याच नांवांत ठेविलें आहे, म्हणून खालच्या ओळींत तींत क्विंटल असतात. नांव एक, अर्थ दोन.

वर्षभरानें दुसरा एक लेखक येतो. कपातीची ओळ त्यास सुधारावयाची असते. ती तो उचलतो व भागाकाराच्या ओळीच्या वर नेऊन ठेवितो. आतां ३० रुपये हे २४ नें न गुणिले जातां २,४०० नें गुणिले जातात. कपात ७२,००० रुपये होते, आणि पट्टीवर ९६,००० रुपये छापले जातात!

ह्या चुकीचें भय तिच्या सभ्य रूपांत आहे. पट्टीवर एकादी ऋण रक्कम किंवा शंभर कोटींचा आंकडा छापला असता, तर कोणीहि थबकला असता. ९६,००० हा आंकडा मात्र अगदीं खरा वाटतो. संगणक अडखळला नाहीं, यंत्र बंद पडलें नाहीं, आणि शेतकरी सत्तर हजारांहून अधिक रुपये गमावून मुकाट्यानें घरीं गेला. दुसऱ्या लेखकास आळशी म्हणतां येणार नाहीं. दोनशें ओळी एकाच वेळीं मनांत धरणें मनुष्याच्या शक्तीबाहेरचें आहे. दोष रचनेचा आहे.

३. विभागणीचा धडा

मोठें काम लहान भागांत मांडण्याचा उत्तम नमुना आपणांस दूर शोधावयास नको. आपल्याच घनसावंगी तालुक्यांतील जांब हें समर्थ रामदासांचें जन्मगांव; त्यांचा जन्म १६०८ सालीं झाला. त्यांच्या दासबोधांत साडेसात हजारांहून अधिक ओव्या आहेत. पण तो विस्तार वाचकास गोंधळवीत नाहीं. ग्रंथाचे २० दशक, प्रत्येक दशकाचे १० समास, व प्रत्येक समासास त्यांतील विषय सांगणारें नांव. पहिल्याच समासांत ग्रंथांत काय काय आहे तें सांगितलें आहे. कोणास लेखनाविषयीं वाचावयाचें असेल, तर त्यानें तोच समास उघडावा. बाकीचे १९९ मनांत धरून बसण्याचें कारण नाहीं.

आपल्या हिशेबाचेहि असेच समास पाडूं:

पहिली कृती: निव्वळ वजन काढणें. आदानें: भरलेल्या व रिकाम्या गाडीचें वजन, किलोंत. फल: किलो.
दुसरी कृती: किलोचे क्विंटल करणें.
तिसरी कृती: किंमत काढणें. आदानें: क्विंटल व भाव. फल: रुपये.
चौथी कृती: कपात काढणें. आदानें: क्विंटल व कपातीचा दर. फल: रुपये.
पांचवी कृती: पट्टी छापणें.

ह्या पांचांना क्रमानें बोलावणारी मुख्य कृती आतां पांचसहा ओळींचीच राहते, आणि अनुक्रमणिकेसारखी वाचतां येते. प्रत्येक लहान कृतीचें काम एक, नांव एक, व तींतील राशीचा अर्थहि एकच. चौथ्या कृतीच्या दारावरच 'क्विंटल' लिहिलेलें असल्यामुळें तींत किलो टाकतांना लेखकाचा हात थबकेल. शिवाय प्रत्येक कृती निराळी तपासतां येते. पहिलीस ४,२४० व १,८४० द्या. २,४०० आले तर ती बरोबर. कोणी शेतकऱ्यानें आंकडा कसा आला असें विचारलें, तर जुन्या मुनीमाप्रमाणें ओळीवर बोट ठेवून सांगतां येतें.

४. अर्थ न बदलतां पुनर्रचना

"पण लांब कृती आधींच लिहिली गेली असेल तर काय करावें?" असें कोणी विचारील. तिची पुनर्रचना करावी. इंग्रजींत ह्यास 'रिफॅक्टरिंग' म्हणतात, व मार्टिन फाउलर यांच्या १९९९ सालच्या ग्रंथानें हा शब्द सर्वतोमुखीं झाला. पुनर्रचनेची पहिली अट ही कीं, बाहेरून दिसणारें फल तिळभरहि बदलतां कामा नये. बदलावयाची ती केवळ आंतली मांडणी.

ह्यासहि एक परिचित दृष्टांत आहे. पवित्र शास्त्राचे जे अध्याय आज आपण पाहतों, ते मूळ लेखकांनीं पाडलेले नाहींत. आजची अध्यायरचना तेराव्या शतकाच्या आरंभीं स्टीफन लँग्टन यांनीं केली असें मानितात. आणि रॉबर्ट एस्तिएन नांवाच्या मुद्रकानें १५५१ सालीं छापलेल्या ग्रीक नव्या करारांत वचनांना अनुक्रमांक घातले. मजकूर तोच राहिला. परंतु आज 'योहान, अध्याय ३, वचन १६' इतकें म्हणतांच निरनिराळ्या भाषांचे शेंकडों वाचक एकाच क्षणीं एकाच वाक्यावर बोट ठेवूं शकतात. मजकुरास धक्का न लावितां तो शोधण्यास व पडताळण्यास सुलभ करणें, हेंच पुनर्रचनेचें सार होय.

हें काम करतांना चार पथ्यें पाळावीं. (अ) आरंभीं जुन्या कृतीस दहाबारा निरनिराळीं आदानें देऊन तिचीं फलें लिहून ठेवावीं. (आ) एका वेळीं एकच लहान भाग वेगळा करावा, व लगेच तींच आदानें देऊन फलें ताडून पाहावीं. (इ) मांडणी बदलणें व चूक सुधारणें हीं दोन कामें एकाच वेळीं करूं नयेत. नाहीं तर फल बदललें तें कशामुळें, हें कळत नाहीं. (ई) अति तेथें माती, हेंहि विसरूं नये. ज्या भागास सार्थ नांव सुचत नाहीं, तो भाग बहुधा वेगळा काढण्याजोगा नसतो. दोन दोन ओळींचे शंभर तुकडे केले, तर वाचक रानांत वाट चुकल्यासारखा ह्या तुकड्यावरून त्या तुकड्यावर भटकत राहतो.

५. दिसतो आंकडा, असतें अक्षर

आतां दुसरा नियम. संगणकाच्या स्मरणांत २४ ही संख्या आणि '२४' हा मजकूर ह्या दोन निराळ्या वस्तू आहेत. एकीवर गणित चालतें. दुसरी केवळ अक्षरांची जोडी आहे. पायथॉन भाषेंत मजकूर '२४' व मजकूर '६' यांची बेरीज सांगितली, तर उत्तर ३० न येतां '२४६' येतें, कारण भाषा अक्षरें एकापुढें एक ठेविते. एक मजकूर व एक संख्या दिली, तर पायथॉन काम थांबवून प्रकार जुळत नाहीं असें सांगते. परंतु जावास्क्रिप्ट भाषा तक्रार न करितां '२४६' असाच मजकूर तयार करून मोकळी होते. तक्रार करणारी भाषा प्रथम त्रासदायक वाटते, पण खरी मैत्रीण तीच.

मराठी मुलांस उपयोगी अशी आणखी एक गोष्ट सांगतों. देवनागरींत लिहिलेला '२४' हा मजकूर पायथॉनला संख्या करावयास सांगितला, तर ती बिनतक्रार चोवीस ही संख्या देते. जावास्क्रिप्टमध्यें मात्र त्याचें उत्तर 'ही संख्या नव्हे' असें येतें. म्हणजे तोच मराठी आंकडा एका ठिकाणीं आंकडा ठरतो, दुसऱ्या ठिकाणीं ठरत नाहीं. म्हणून मनुष्यानें टंकलेलें प्रत्येक मूल्य दारावरच पारखून, एकदांच संख्येंत बदलून, मगच आंत घ्यावें. जावा व सी यांसारख्या भाषांत आदानाचा प्रकार आधींच लिहून द्यावा लागतो, व ही पारख बरीचशी आज्ञावली चालण्यापूर्वींच होते. पायथॉनसारख्या भाषांत ती प्रत्यक्ष चालतांना होते. म्हणून तेथें लेखकानें अधिक सावध असावें.

६. सजातीय राशी

परंतु दोन्ही मूल्यें संख्याच असलीं म्हणजे झालें काय? नाहीं. भास्कराचार्यांनीं (जन्म १११४) आपल्या लीलावती ग्रंथांत नाणीं, वजनें, लांबी, काल यांचीं मानें प्रथम दिलीं, व मग गणितास आरंभ केला. त्रैराशिकांतहि अशी अट आहे कीं, प्रमाण व इच्छा ह्या राशी सजातीय असाव्या. ५ क्विंटलला ३५,००० रुपये, तर २४ क्विंटलला किती? उत्तर १,६८,०००. येथें ५ व २४ सजातीय आहेत. २४ ऐवजी २,४०० किलो दिले असते, तर ती राशी विजातीय. आधीं क्विंटल करा, मग पुढें जा. आदानांची पारख ती हीच. यंत्र नवें, नियम आठशें वर्षांहून जुना.

ह्या भागांतील वृद्धांस हाली व कलदार रुपयांची आठवण घरोघर सांगितली जात असे. आपला मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. संस्थानचा रुपया हाली, इंग्रजी अमलाचा कलदार. आणि साधारणपणें सात हाली म्हणजे सहा कलदार असा भाव असे. वहींत नुसतें '७०० रुपये' लिहिलें, तर ते ७०० कलदार कीं ७०० हाली, म्हणजे ६०० कलदार? शंभर रुपयांचा फरक एका न लिहिलेल्या शब्दांत दडलेला! भारतांतील विलीनीकरणानंतर १९५९ पर्यंत हाली नाणें चलनांतून गेलें. पण त्याचा धडा गेलेला नाहीं.

तो धडा विसरल्याचें फळ १९९९ सालीं सर्व जगानें पाहिलें. अमेरिकेनें मंगळाकडे धाडलेलें 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हें यान त्या वर्षीं २३ सप्टेंबर रोजीं नाहींसें झालें. यानास दिलेल्या रेट्याचे आंकडे एक आज्ञावली पौंडांच्या मानानें देत होती; दुसरी ते न्यूटनच्या मानानें समजून घेत होती. एक पौंड बल म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन. यान मंगळापासून २२६ किलोमीटर उंचीवरून जावयाचें, तें ५७ किलोमीटरांपर्यंत खालीं उतरलें असें मागाहून गणितानें ठरलें. दोन्हीकडे संख्याच होत्या. त्यांची जाति मात्र कोणी विचारली नाहीं.

७. भांड्याचें माप

सजातीय मूल्यहि मापांत बसणारें असावें लागतें. ४ जून १९९६ रोजीं युरोपचा 'एरियान ५' हा नवा अग्निबाण पहिल्याच उड्डाणांत सुमारे चाळीस सेकंदांनीं आकाशांत फुटला. त्याची दिशादर्शक आज्ञावली 'एरियान ४' ह्या जुन्या बाणावरून घेतलेली होती. आडव्या वेगाशीं संबद्ध अशी एक मोठी संख्या तींत एका लहान जागेंत भरली जाई. त्या जागेंत ३२,७६७ पेक्षां मोठी संख्या मावत नसे. जुन्या बाणाच्या वेगास ती पुरे. नव्याचा वेग अधिक. संख्या मावली नाहीं, आणि आज्ञावली कोलमडली. जोडीला राखीव संगणक होता, पण त्यांतहि तीच आज्ञावली असल्यामुळें तोहि बंद पडला. सुदैवानें बाणावर मनुष्य नव्हता. चार उपग्रह मात्र नष्ट झाले. जुनें काम नव्या जागीं नेतांना त्याच्या आदानांची पारख नव्यानें करावी, हें ह्यावरून दिसतें.

८. पारख कशी करावी?

ज्या कृतीस बाहेरून मूल्यें येतात, तिच्या आरंभींच पारख असावी. घराच्या दारावर आगंतुकास विचारावें. प्रत्येक खोलींत पुन्हां पुन्हां विचारण्याचें प्रयोजन नाहीं. प्रश्न चार: मूल्य आहे कीं रिकामें? संख्या आहे कीं मजकूर? मान कोणतें, किलो कीं क्विंटल? आणि तें संभवनीय आहे काय? भरलेल्या गाडीहून रिकामी गाडी जड कशी असेल?

उत्तर समाधानकारक नसेल, तर कृतीनें स्पष्ट नकार द्यावा, व कारणहि सांगावें. नुसतें 'चूक झाली' हें पुरेसें नाहीं. 'रिकाम्या गाडीचें वजन संख्येंत हवें होतें, मजकूर मिळाला' असें सांगितलें तर काट्यावरचा मनुष्य ती चूक तेथेंच दुरुस्त करील. सर्वांत वाईट खोड म्हणजे न कळलेल्या मूल्याच्या जागीं गुपचूप शून्य धरणें. परीक्षेस न बसलेला विद्यार्थी व शून्य गुण मिळालेला विद्यार्थी हे एकच नव्हेत. पण दोघांच्या रकान्यांत शून्य लिहिलें, तर पुढें त्यांतला भेद कोण ओळखणार?

उपसंहार

लांब कृतीस लहान करणें व आदानांची पारख करणें हे दोन नियम एकमेकांस धरून आहेत. कृती लहान असली म्हणजे तिला काय हवें तें निश्चित सांगतां येतें. आणि काय हवें तें निश्चित असलें म्हणजेच पारख करतां येते. दोनशें ओळींच्या कृतीच्या दारावर पाहरेकरी बसवूनहि उपयोग थोडा, कारण आंत कोण कोठें जातो हें त्यालाहि कळत नाहीं.

तुमच्यांतील कित्येक उद्यां संगणकाच्या कामास लागतील. तुम्हीं लिहिलेली आज्ञावली ज्याच्या पैशाचा, गुणांचा किंवा औषधाचा हिशेब करील, तो मनुष्य ती कधींहि वाचणार नाहीं. तो केवळ तुमच्यावर विश्वास ठेवील. नीटनेटकें लिहिणें हा त्या विश्वासाचा मोबदला होय. पालकांसहि एक विनंती आहे. हातीं आलेल्या छापील पट्टीचा शेवटचा आंकडाच न पाहतां वजन, भाव व कपात निरनिराळीं वाचावीं, आणि मुलाकडून एकदां गुणाकार करून घ्यावा. यंत्रानें छापलें म्हणून तें खरें, असें नाहीं.

अभ्यास

१. निव्वळ कापूस १,७५० किलो, भाव क्विंटलला ७,२०० रुपये, कपात क्विंटलला ३० रुपये. शेतकऱ्यास किती मिळावे? कपात चुकून किलोवर धरली गेली, तर पट्टीवर कोणता आंकडा येईल?

२. वर्गाचा निकालपत्रक तयार करण्याच्या कामाचे चार किंवा पांच लहान भाग पाडा, व प्रत्येकास सार्थ नांव द्या.

३. वरील प्रत्येक भागाच्या आरंभीं कोणती पारख ठेवाल? गैरहजर विद्यार्थ्याची नोंद कशी कराल, तें कारणासह लिहा.